केसरीनाथची मंडळी

अंजूरच्या केसरीनाथ तरेला कुणी चहाला बोलावलं की यजमानाची पंचाईत व्हायची. कप हातात आला तरी हा गडी घोट घेत नसे. आधी कपाला बाहेरून तळवा लावायचा, डोळे बारीक करायचा आणि चारचौघांत जाहीर करायचा, "बासष्ट." मग प्यायचा. म्हशीची पाठ असो, उन्हात उभी रिक्षा असो, लग्नातला भाताचा टोप असो, याचा हात लागला की आकडा बाहेर पडलाच. एकदा काल्हेरच्या लग्नात नवरदेवाशी हात मिळवता मिळवता म्हणाला, "अडतीसच्या वर हाय, डॉक्टरला दाखवा." वऱ्हाडी खो खो हसले आणि तिसऱ्या दिवशी नवरदेवाला मलेरिया निघाला. तेव्हापासून त्या घरात केसरीनाथला जावयाच्या शेजारी पाट मिळतो.

आकडा दर वेळी बरोबर येई असं नाही. पण सांगायचा अशा थाटात की थर्मामीटरनेच आपली चूक कबूल करावी. माणूस गर्विष्ठ होता का? होता. पण गर्व कमावलेला होता, शेजाऱ्याकडून उसना आणलेला नव्हता. तो कसा कमावला, ते सांगण्याजोगं आहे.

भिवंडीहून अंजूरकडे येताना, गोदामांची रांग लागायच्या आधी, पत्र्याच्या छपरांचा एक छोटा कारखाना होता. साखर कारखान्यांत उरलेली मळी टँकरने तिथे यायची. त्या काळ्या चिकट मळीत पाणी घालायचं, मोठ्या टाकीत भरायचं आणि वर यीस्ट सोडायचं. यीस्ट मळीतली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. पुढे ते उकळून त्याची वाफ थंड केली की झालं स्पिरिट. ते दवाखान्यांत जाई, शाई आणि रंग करणाऱ्यांकडे जाई, आणि आता पेट्रोलमध्येही मिसळणार म्हणून बोलबाला सुरू झाला होता. मालक अनंताशेठ गावचाच. गोदामांना जमिनी देऊन हातात चार पैसे आले तेव्हा भावकीतल्या बाकीच्यांनी गाड्या घेतल्या, याने कारखाना घातला.

गावाच्या लेखी मात्र तो दारूचा कारखाना. पेट्रोलमध्ये घाला नाहीतर नव्या नवरीच्या अत्तरात घाला, वारा फिरला की आंबूस वास गावात शिरायचा आणि लोकांना जे आठवायचं तेच आठवायचं.

केसरीनाथच्या आईला तर जास्तच आठवायचं. तिला सगळं गाव आक्का म्हणे, म्हणून मुलगाही आक्काच म्हणे. आक्का मासळी विकायची. तिचा नवरा कान्हा एके काळी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत हातभट्टी लावायचा. चिखलात पिंपं पुरून त्यांत काळा गूळ आणि नवसागर आंबत घालायचा. पोलीस त्याला रसायन म्हणत. एक दिवस धाड पडली आणि कान्हाला भर दुपारी दोरीने बांधून खाडीपासून नाक्यापर्यंत चालवत नेलं. मागून आक्का चालत होती, तिचं बोट धरून सात-आठ वर्षांचा केसरीनाथ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाव उभं होतं. कान्हा सुटून आला, पण त्याची मान काही वर आली नाही. आक्काने मात्र पहार घेतली, तिवरांत गेली आणि उरलेली पिंपं एकेक करून फोडली.

मोठेपणी केसरीनाथने गोदामात हमाली केली, भिवंडीत कामतघरला लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, आणि चाळिशी जवळ आल्यावर अनंताशेठच्या कारखान्यात लागला. त्या दिवशी आक्काने त्याला जेवताना गाठलं.

"तुजा बापूस तिवरांत करायचा, तू पत्र्याखाली करतंस," ती म्हणाली. "फरक काय रं?"

"आक्का, ती लायसनची कंपनी हाय."

"लायसन लावलं म्हनून भट्टीचं देऊल होतं काय?"

केसरीनाथ डबा उचलून ड्युटीला गेला. त्या दिवसापासून आक्काने कारखान्याचं नाव तोंडातून काढलं नाही आणि त्याच्या फाटकाकडे कधी पाहिलंही नाही. बाजारात कुणी विचारलं की पोरगा काय करतो, तर "कंपनीत हाय" एवढं म्हणून ती पापलेटावरचं पाणी झटकायची. पोरगा हमालीत परत गेला तर तिला हवंच होतं.

खरी गंमत अशी की कामाला लागला तेव्हा केसरीनाथला वाटायचं, यातलं आपल्याला सगळं येतं. बापाच्या मागे फिरताना त्याने तिवरांतली विद्या डोळ्यांनी पाहिली होती. थंडीच्या दिवसांत पिंपांवर पेंढा टाकायचा, गोणपाटं घालायची. ऊब लागली की रसायन लवकर पिकतं. ऊब म्हणजे घाई, एवढं एक सूत्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस, दुसरं काय!

तर २००५ सालच्या डिसेंबरात त्याच्या पुतण्याची हळद आली. आगऱ्यांच्या घरची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा प्रकार. बँड वाजायला लागला की म्हातारे काठ्या टाकून नाचतात. आणि याची ड्युटी नेमकी त्याच दिवशी. टाकी पिकत आली होती, पण शेवटचा टप्पा रेंगाळत होता. केसरीनाथने विचार केला, जरा ऊब दिली तर संध्याकाळपर्यंत उरकेल आणि आपण मोकळे. टाकीच्या आत थंड पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं असतं. त्याचा कॉक त्याने बंद केला.

टाकी जी उसळली म्हणता! फेस काठापर्यंत आला, बुडबुड्यांचा आवाज दारापर्यंत ऐकू येऊ लागला. केसरीनाथ खूश. दिवस मावळायच्या सुमारास टाकी एकदम गप्प झाली. झालं काम, असं म्हणून हा गेला हळदीला आणि घाम निथळेपर्यंत नाचला.

सकाळी कारखान्यात आला तर केमिस्ट दिशा मॅडम टाकीपाशी उभ्या. दिशा कोन गावची, शेतकऱ्याची मुलगी. रसायनशास्त्र शिकून, अल्कोहोलचा कोर्स करून आलेली, वयाने याच्या धाकट्या बहिणीएवढी. तिने टाकीतला थोडा द्रव काढून चाखला आणि लगेच थुंकला. गोड होता, आणि वर आंबट. म्हणजे साखर तशीच पडून होती. अल्कोहोल निम्मंसुद्धा झालं नव्हतं आणि भलत्याच जंतूंनी आत संसार मांडला होता.

"केसरीदादा, काल कॉक कुणी बंद केला?"

खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "मी केला. लवकर व्हावं म्हनून."

दिशा रागावली नाही. निदान दिसली तरी नाही. तिने त्याला आपल्या खोलीत नेलं, काचपट्टीवर एक थेंब ठेवला, त्यात निळं औषध सोडलं आणि म्हणाली, "बघा."

त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. निळे निळे ठिपके. जिकडे बघावं तिकडे निळे.

"हे यीस्ट. जिवंत असतं ते निळं होत नाही, बिनरंगाचं दिसतं. मेलेलं तेवढं निळं होतं."

"हे सगलं?"

"सगळं."

"मॅडम, असे किती असतील?"

"एका थेंबात भिवंडीच्या लोकसंख्येपेक्षा जास्त."

केसरीनाथने डोळा काढला आणि परत लावला. जन्मभर मासळीच्या टोपल्यांत वाढलेला माणूस. हजारो बोंबील त्याच्या डोळ्यांदेखत मेले होते आणि कधी घास कडू झाला नव्हता. पण त्या दिवशी त्याने डबा उघडला नाही. नाचून आलेल्या पायांची त्याला लाज वाटली.

मग दिशाने त्याला सगळं समजावून सांगितलं, त्याच्याच भाषेत. मे महिन्यात लूमच्या शेडमध्ये माणसं कोंडली, पंखे बंद केले आणि वर दुप्पट काम लावलं तर काय होईल? तसंच हे. यीस्ट साखर खातं तेव्हा स्वतःच गरम होत जातं, टाकी आतून तापते. वीसच्या खाली ते आळसावतं, तीस ते तेहेतीसला मजेत काम करतं. पस्तीसच्या पुढे त्याचा जीव घाबरा होतो. चाळिशी ओलांडली की खेळ संपला. आणि आपणच केलेल्या अल्कोहोलात ते बुडालेलं असतं, त्यामुळे टाकी जितकी पिकलेली तितका उन्हाळा त्याला जास्त बाधतो. सुरुवातीला उष्णतेने काम झपाट्याने होतं हे खरं, म्हणून तर फसगत होते. "तुमच्या तिवरांतली पिंपं छोटी, चिखलात पुरलेली," ती म्हणाली. "त्यांची उष्णता चिखल ओढून घ्यायचा. तिथे ऊब द्यावी लागायची. या एवढ्या मोठ्या टाकीला ती काढावी लागते."

अनंताशेठ अर्थातच भडकला. एक अख्खी टाकी गटारात सोडावी लागली होती. "याला काढा. भट्टीवाल्याचा पोर तो, भट्टीच करणार!"

केसरीनाथ दाराबाहेर उभा होता. त्याच्या कानात ते शब्द उकळत्या तेलासारखे गेले. आणि मग दिशाचा आवाज आला.

"शेठ, या कारखान्यात मेलेलं यीस्ट मी पुष्कळांना दाखवलंय. परत डोळा लावून बघणारा हा पहिलाच. टाक्या यांच्याकडेच राहू द्या. पावसाळा लागेपर्यंत एकही टाकी वाया जाणार नाही. गेली तर हे जातील, आणि मीही जाईन."

आता यात तिचं काय अडलं होतं? काही नाही. नोकरी नवी, घरी शिकणारी भावंडं. पण माणूस पारखला आणि शब्द देऊन बसली. केसरीनाथच्या डोळ्यांना पाणी आलं. स्वतःच्या नोकरीचं त्याला तितकंसं नव्हतं, हमाली काय कुठेही मिळते. पण भट्टीवाल्याचा पोर हे नाव आता कायमचं चिकटणार की पुसलं जाणार, हे त्या उन्हाळ्यावर ठरणार होतं, आणि सोबत त्या पोरीचा शब्द टांगलेला होता.

त्या दिवसापासून केसरीनाथ बदलला म्हणण्यापेक्षा चळला म्हणावं. यीस्टला तो 'मंडळी' म्हणू लागला. "मंडळी आज खूश हाय." "मंडळीला उकडतंय, पानी वाढव." खिशात स्वतःच्या पैशाचा थर्मामीटर. टाकीच्या पत्र्याला हात लावून आकडा सांगायचा आणि मग थर्मामीटर बुडवून ताडून बघायचा. सुरुवातीला पाच-पाच अंश चुकायचा, मग दोन, मग एक. चुकला की स्वतःच्याच हाताला शिव्या घालायचा. अडलं की दिशाकडे धावायचा, आणि तिने सांगितलेलं संध्याकाळी नाक्यावर रिक्षावाल्यांना असं ऐकवायचा जणू यानेच शोध लावला. रिक्षावाला रघू एकदा वैतागून म्हणाला, "केसरीदादूस, तुझी मंडली मना जेवू पन देना." पण ऐकायचे सगळे. हातचं राखून न ठेवता बोलणारा माणूस लोकांना आवडतोच.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च गेले. एकही टाकी बिघडली नाही. एप्रिलही निघाला. मग आला मे, आणि सोबत लोडशेडिंग.

त्या वर्षीचं लोडशेडिंग ज्यांनी भिवंडीत काढलं त्यांना सांगायला नको. लूमचा खडखडाट थांबला की शहराचे कान सुन्न व्हायचे. कारखान्यात जनरेटर होता म्हणून थंड पाण्याचा पंप चालायचा. त्या दिवशी सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू केला आणि थोड्याच वेळात त्याने मोठा आवाज करून मान टाकली. मिस्त्री कल्याणहून यायचा, तो म्हणाला संध्याकाळ होईल. वीज कधी येईल ते वीजवाल्यांनाही माहीत नव्हतं. आणि मोठी टाकी ऐन भरात होती.

केसरीनाथने पत्र्याला तळवा लावला. "चौतीस." थर्मामीटर म्हणाला साडेचौतीस. थोड्या वेळाने छत्तीस. बुडबुडे वाढले होते. डिसेंबरातही असेच वाढले होते, तेव्हा तो खूश झाला होता. आता त्याने दिशाला हाक मारली.

दिशा घामाघूम होऊन धावत आली. "आतलं पाणी थांबलंय. आता उष्णता बाहेर पडणार ती फक्त टाकीच्या अंगातून. बाहेरून गार करायचं, दुसरा मार्ग नाही."

विहीर आवारातच होती. माणसांनी बादल्यांनी पाणी उपसून टाकीवर ओतायला सुरुवात केली. पाणी पत्र्यावरून सरळ खाली धावायचं आणि पत्रा क्षणात कोरडा.

"पाणी अंगावर टिकायला हवं," दिशा म्हणाली. "टिकलं आणि वारा लागला तर वाळता वाळता उष्णता ओढून घेईल. काहीतरी गुंडाळायला हवं याला."

गुंडाळायला! भिवंडीत माणसाला दुसरं काही मिळो न मिळो, कापड मिळणार नाही असं होईल का? केसरीनाथने रघूची रिक्षा काढली आणि थेट कामतघर गाठलं. तिथे मुस्तकीमभाईच्या शेडमध्ये तो पूर्वी कांड्या भरायचा. लूम बंद, कारीगर ओट्यावर बनियन वर करून वारा घेत बसलेले.

"मुस्तकीमभाई, कपडा चाहिए. खराब हो तो भी चलेगा. और आदमी चाहिए."

"किसलिए?"

"टंकी को बुखार है."

मुस्तकीमभाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस थट्टा करत नाहीये एवढं त्याला कळलं. "लूम तो वैसे भी बंद पडे हैं," तो उठत म्हणाला. "चलो रे सब." डागी मालाचे तागे टेम्पोत पडले आणि वर कारीगर चढले.

तिथेही एक अडचण निघालीच. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला कांजी असते, ते पाणी पीत नाही. टाकीवर गुंडाळलं तर पाणी वरून घसरून गेलं. दिशा चक्रावली, पण कारीगर हसले. त्यांनी तागे पाण्याच्या पिंपांत टाकले आणि लुंग्या खोचून पायांनी तुडवायला लागले. कांजी निघाली, पाणी गढूळ झालं आणि कापड मऊ पडलं. मग ते ओलंचिंब कापड टाकीभोवती वरपासून खालपर्यंत गुंडाळलं. या वेळी पाणी टिकलं.

केसरीनाथ छपरावर चढला. दुपार कलली की खाडीकडून वारा सुटतो हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. त्या बाजूच्या भिंतीचे पत्रे त्याने खोलायला लावले. वारा आत आला आणि ओल्या कापडावरून वाहू लागला. तरीही थर्मामीटर सदतीसवर गेला. पिंपांतलं पाणी तेच तेच वापरून कोमट झालं होतं.

"बर्फ," केसरीनाथ म्हणाला. "बर्फ टाकीत सोडू का, मॅडम?"

"आत नको. मासळीचा बर्फ, आत घाण आणि मीठ दोन्ही जाईल. पाण्याच्या पिंपांत टाका, कापड त्यात बुडवू."

मासळीचा बर्फ त्या वेळी एकाच ठिकाणी मिळाला असता, अंजूरला आक्काच्या पडवीतल्या पेटीत. केसरीनाथचा चेहरा उतरला. पण त्याने रघूला धाडलं.

"भट्टीला माजा बर्फ न्हाय," आक्काने तिथल्या तिथे सांगितलं.

"आक्का, भट्टी पेटवायची न्हाय," रघू हात जोडून म्हणाला. "गार करायची हाय. सगले जन पानी मारतात. केसरीदादूस छपरावर चढलाय."

आक्काने आयुष्यात जी भट्टी पाहिली ती जाळाची. भट्टीला बर्फ मागणारा तिने ऐकला नव्हता. तिने बर्फाच्या लाद्या गोणपाटात बांधल्या आणि ती स्वतःच रिक्षात बसली. "चल. बर्फ माजा हाय. कशाला लागतो ता बगीन, मग देईन."

फाटकाशी रिक्षा थांबली. आक्का उतरली, क्षणभर उंबरठ्याबाहेर घुटमळली आणि आत आली. समोर तिला दिसलं ते असं: एका भल्यामोठ्या टाकीला पांढरं ओलं कापड गुंडाळलेलं, विहिरीपासून टाकीपर्यंत माणसांची रांग, हातोहात बादल्या, आणि शिडीच्या टोकाला तिचा पोर, नखशिखान्त भिजलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. कुणी लपून करत नव्हतं. सगळी दारं सताड उघडी होती.

दिशा पुढे आली. आक्काची गाठोडं सोडायची तयारी दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "आक्का, या, मी दाखवते." सूक्ष्मदर्शक खिडकीच्या उजेडात होताच. टाकीतला ताजा थेंब तिने ठेवला आणि म्हातारीला डोळा लावायला शिकवलं.

"काय दिसतं?"

"गोल गोल. मासलीच्या अंड्यावानी."

"ते जिवंत आहेत. निळे दिसतात का काही?"

"दोन-चार."

"ते उष्णतेने मेले. असंच तापत राहिलं तर सगळे निळे होतील. त्यांच्यासाठी बर्फ हवाय."

आक्का हलली नाही. डोळा लावूनच होती. मग हळूच म्हणाली, "याला बारकं चिकटलंय गं, बाय. बाजूला."

"ते त्याचं पिल्लू. असंच वाढतात ते."

आक्काने डोळा काढला. तिने दिशाकडे पाहिलं, दारातून टाकीकडे पाहिलं, शिडीवरच्या मुलाकडे पाहिलं. आणि मग बाजारात दोनशे बायकांच्या गलक्यात ऐकू जाणारा तिचा तो आवाज लागला. "उबं काय ऱ्हायलंव रं? बर्फ फोडा! तो तागा इकडं आना. अशी पिलतात काय कपडा? दे मना!"

तिने पदर खोचला आणि बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातले. कारीगर आपोआप तिच्या हुकमात आले. मुस्तकीमभाईसुद्धा "जी, अम्मा" म्हणत कापड पिळू लागला. केसरीनाथने वरून पाहिलं आणि पुढचं कापड घ्यायला हात खाली केला.

सदतीस. बराच वेळ सदतीस. कापड वाळायच्या आत नवं गार कापड चढत होतं, वारा वाहत होता. मग छत्तीस. मग पस्तीसच्या जवळ. टाकीच्या आतून बुडबुड्यांचा संथ आवाज येत होता, घाबरा नाही की मेलेला नाही. सूर्य खाडीकडे झुकला तेव्हा वीज आली आणि पंप सुरू झाला. केसरीनाथ शिडीवरून उतरला आणि जमिनीवर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी टाकी पूर्ण पिकली. अल्कोहोल नेहमीपेक्षा किंचित कमी, पण चोख. अनंताशेठ आला, कापडात गुंडाळलेल्या टाकीभोवती एक फेरी मारली, आणि सगळ्यांसमोर दिशाला म्हणाला, "मॅडम, तुमचा शब्द राहिला." मग केसरीनाथकडे वळून म्हणाला, "डिसेंबरात मी बोललो ते चुकलो. टाक्या तुझ्याकडेच." शेठ असून चूक कबूल केली, हेही काही कमी नव्हतं. दिशाने नुसती मान हलवली, पण तिचा चेहरा असा फुलला होता की टाकी तिनेच जन्माला घातली असावी.

गावात गोष्ट पसरायला कितीसा वेळ? आक्का कारखान्यात गेली, हे कापड-बर्फापेक्षा मोठं झालं. दोन दिवसांनी बाजारात शेजारची ठमाबाई, जिची जीभ कोयत्यापेक्षा धारदार, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काय गं आक्का, म्हातारपनी भट्टीवर जेलीस म्हनं?"

बायका हसल्या. केसरीनाथ नेमका तेव्हा बर्फाची लादी खांद्यावर घेऊन मागून येत होता. तो जागच्या जागी थांबला. आता आई मान खाली घालणार, असं त्याला वाटलं.

आक्काने हातातला कोयता खाली ठेवला.

"जेली," ती म्हणाली. "परत बी जाईन. नवऱ्यानं पोटासाटी चोरून केलं, त्याची लाज मी जल्मभर वायली. पोराची मना लाज न्हाय. तो दारू गालत न्हाय, ठमे. तो जीव सांभालतो. उन्हानं मरत व्हते, त्यानं जगवले. मी या डोल्यानं बगलं. एवढे बारके, दिसत बी न्हायत, त्यांच्यासाटी माजा पोर दिवसभर उन्हात उबा व्हता. तुज्या कोनी उबा ऱ्हायलाय?"

ठमाबाई आपल्या टोपलीतल्या मासळीवर पाणी मारू लागली. आक्काने कोयता उचलला, समोरच्या गिऱ्हाइकाचा बोंबील साफ करायला घेतला, आणि तेव्हा तिला मागे उभा असलेला मुलगा दिसला. लादी वितळून त्याचा सदरा पाठीवर भिजला होता. भिजले होते ते डोळेसुद्धा, पण ते बर्फाने नाही.

"उबा काय ऱ्हायलंस?" आक्का म्हणाली. "ठेव बर्फ. आन् जा ड्युटीवर, ऊन चढतंय."